शपथेपासून सोबतीपर्यंत

दारू वाईट आहे हे सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे बोलत नाही. ते आपणांस ठाऊक आहे. आणि जो पितो त्याला तर ते आपल्याहूनही अधिक ठाऊक असते. दारू प्यावी की न प्यावी या वादावर व्याख्याने पुष्कळ झाली, कायदेही झाले. परंतु ज्याने 'यापुढे प्यायची नाही' असे मनाशी दहा वेळा ठरवले आणि दहाही वेळा संध्याकाळी ज्याची पावले गुत्त्याकडे वळली, त्या माणसाने काय करावे? या प्रश्नाला एक इतिहास आहे. तो राजांचा नव्हे आणि लढायांचाही नव्हे. एक हमाल, एक दिवाळे निघालेला शेअर दलाल, एक शल्यवैद्य, एक धर्मभगिनी आणि पालघरच्या किनाऱ्यावरचे काही मासेमार अशा माणसांचा तो आहे. त्यांपैकी प्रत्येकाने आपली वाट आपण शोधली. त्या वाटा एकमेकींना मिळतात कोठे आणि फुटतात कोठे, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आरंभ आयर्लंडपासून करू. १८३८ सालच्या एप्रिलच्या १० तारखेला कॉर्क शहरात थिओबाल्ड मॅथ्यू नावाच्या कापुचिन धर्मगुरूंनी देवाचे नाव घेऊन एका वहीत आपली सही केली. ती पूर्ण मद्यवर्जनाची प्रतिज्ञा होती. त्यांना या कामात ओढणारा विल्यम मार्टिन हा क्वेकर पंथाचा होता, कॅथॉलिक नव्हता. पंथभेदाच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हे. पुढे जे घडले ते एखाद्या पुरासारखे. फादर मॅथ्यू जातील त्या गावी हजारो लोक मैदानांत गुडघे टेकत, मोठ्याने प्रतिज्ञा उच्चारीत आणि आठवण म्हणून एक पदक घेऊन घरी जात. चारपाच वर्षांत शपथ घेणारांची गणना लाखांत होऊ लागली, आणि सरकारी कर भरून विकल्या जाणाऱ्या मद्यार्काचा खप आयर्लंडमध्ये निम्म्याच्या आसपास उतरला. एका माणसाच्या वाणीने एवढे साधल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत.

पण पूर ओसरतोही. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळ आला, लोक मेले, लोक देश सोडून गेले. फादर मॅथ्यू स्वतः पदकांच्या खर्चापायी कर्जात बुडाले होते, प्रकृतीही ढासळली. १८४९ मध्ये ते अमेरिकेस गेले, तेथेही त्यांनी असंख्यांना शपथ दिली, आणि १८५६ च्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या चळवळीचा बहर सरला होता. दुष्काळ हे एक कारण खरेच. परंतु माझ्या मते दुसरे कारण त्या शपथेच्या घडणीतच होते. शपथ जन्मभराची, आणि घ्यावयाची एकदाच, गर्दीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हात थरथरू लागले म्हणजे त्या माणसाने कोणाकडे जावे, याची व्यवस्था फारशी कोणी लावली नव्हती. मैदानात दहा हजारांसोबत उच्चारलेले वाक्य घरी एकट्याने पाळावयाचे होते.

फादर मॅथ्यू वारले त्याच वर्षी, १८५६ च्या मे महिन्यात, डब्लिनच्या एका गरीब घरात मॅट टॅल्बट जन्मला. बारा भावंडांतला हा दुसरा. बाराव्या वर्षी तो कामाला लागला, आणि दुर्दैव असे की ते काम मद्य बाटल्यांत भरून विकणाऱ्या पेढीवर मिळाले. थोड्याच दिवसांत मुलगा पिऊन घरी येऊ लागला. पुढची सोळा वर्षे त्याची मजुरी गुत्त्यात गेली. पैसे संपले म्हणजे तो पायांतले बूट विकी. एकदा त्याने व त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर सारंगी वाजवून पोट भरणाऱ्या एका माणसाची सारंगीच पळवून विकली आणि त्या पैशाची दारू प्याले, अशी हकीकत त्याच्या चरित्रांत येते.

१८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो एका शनिवारी गुत्त्याच्या जवळ उभा होता. आठवडाभर काम नसल्याने खिसा रिकामा होता. ज्या मित्रांना त्याने पूर्वी कितीदा तरी पाजली होती ते पगार घेऊन एकेक करून समोरून गेले. कोणी 'चल' म्हटले नाही. तो घरी आला आणि आईला म्हणाला, मी शपथ घ्यावयास जातो. आईने काय म्हणावे? देवाचे नाव घेऊन जा, पण पाळणार नसशील तर घेऊ नकोस, अशा अर्थाचे ती बोलली. या माउलीच्या बोलण्यात जो अनुभव साठला आहे तो मोठ्या ग्रंथांतही मिळावयाचा नाही.

क्लॉनलिफ येथील होली क्रॉस महाविद्यालयात जाऊन त्याने शपथ घेतली ती तीनच महिन्यांची. हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जन्मभराची शपथ घेण्याचे धाडस त्याला झाले नाही; तीन महिने म्हणजे समोर दिसण्याजोगा पल्ला. ते तीन महिने त्याला फार कठीण गेले. मग सहा महिन्यांची, आणि पुढे जन्मभराची. मोह टाळण्याकरिता त्याने साधे उपाय योजले. शपथेनंतर थोड्याच दिवसांनी तो एका गुत्त्यात शिरला. गर्दीत मालकाचे लक्ष गेले नाही म्हणून तसाच बाहेर पडला. आणि तेव्हापासून त्याने खिशात पैसे बाळगणेच सोडले. ज्या वेळी पूर्वी तो पीत बसे त्या वेळी तो दूर दूर फिरावयास जाई, एखाद्या चर्चमध्ये जाऊन बसे. पहाटेची मिस्सा, लाकडाच्या वखारीतील हमाली, उपास, प्रार्थना, वाचन हा त्याचा क्रम ४१ वर्षे चालला. सारंगीवाल्याचा त्याने पुष्कळ शोध केला. तो सापडला नाही, तेव्हा त्याच्या नावाने मिस्सा अर्पण करण्यासाठी त्याने पैसे दिले. १९२५ च्या ७ जून रोजी मिस्सेला जाताना तो डब्लिनच्या एका गल्लीत कोसळून मरण पावला, आणि रुग्णालयात त्याच्या अंगावर तपश्चर्येच्या साखळ्या आढळल्या. १९७५ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याला 'व्हेनरेबल' म्हणजे वंदनीय म्हणून घोषित केले.

टॅल्बटची वाट थोर खरी, पण ती सर्वांची नव्हे. साखळ्या बांधून घेणे कोणालाही सांगता येणार नाही, आणि सांगूही नये. त्याच्या चरित्रातून साखळ्या वगळल्या तरी तीन महिन्यांचा पल्ला, रिकामा खिसा आणि बदललेली संध्याकाळ या तीन गोष्टी उरतात, आणि त्या कोणत्याही धर्माच्या माणसाला चालण्यासारख्या आहेत.

टॅल्बटला सोबत अशी देवाचीच होती. त्याने दारुड्यांची मंडळी जमवली नाही. ती कल्पना अमेरिकेची. १८४० मध्ये बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणारांनी परस्परांत शपथ घेऊन वॉशिंग्टन यांच्या नावाने एक सभा काढली होती. तिच्यात धर्मोपदेशक बोलत नसत, सुटलेला दारुडाच न सुटलेल्याला आपली कथा सांगे. ती वणव्यासारखी पसरली आणि राजकारणाच्या व मतभेदांच्या भाराखाली थोड्याच वर्षांत विझली. जवळजवळ शंभर वर्षांनी तीच ठिणगी दुसरीकडे पडली.

१९३५ सालच्या मे महिन्यातील गोष्ट. ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक माणूस येरझारा घालीत होता. एके काळचा शेअर बाजारातला हुशार माणूस, दारूपायी सर्व घालवून बसलेला. दारू सुटून पाच महिने झाले होते. ज्या व्यवहारासाठी तो आला तो फसला होता, खिशात फारसे काही नव्हते, आणि दिवाणखान्याच्या एका टोकाला मद्यगृहातून हसण्याचे आवाज येत होते. त्या घटकेला त्याच्या लक्षात आले की, गेले पाच महिने आपण इतर दारुड्यांना सुधारण्याची धडपड केली. त्यांतला एकही सुधारला नाही, पण आपण मात्र प्यालो नाही. तेव्हा आता कोणाला तरी वाचवण्यासाठी नव्हे, आपण वाचण्यासाठी एक दारुडा शोधला पाहिजे! दिवाणखान्यात चर्चची यादी लावलेली होती. त्याने एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला; एकाकडून दुसऱ्याकडे असे करीत तो हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत पोहोचला. त्यांच्या ओळखीचा एक शल्यवैद्य होता, डॉक्टर रॉबर्ट स्मिथ. रोग्यावर शस्त्र चालवण्यापूर्वी ज्याचे हात कापत, असा.

दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, भेट ठरली. डॉक्टर स्मिथ कंटाळूनच आले. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही अशी अट त्यांनी पत्नीला घातली होती. ते सहा तासांवर बसले. उपदेश त्यांनी जन्मभर ऐकला होता. समोरच्या माणसाने उपदेश केलाच नाही, आपली कर्मकथा तेवढी सांगितली. पुढे एकदा त्यांचा तोल गेला, एका वैद्यकीय परिषदेला गेले ते पिऊन परतले. परंतु १० जून १९३५ नंतर त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या मंडळाचा जन्मदिवस तोच मानतात. अनॉनिमस म्हणजे नाव न सांगणारे. येथे कोणी आडनाव विचारीत नाही, वर्गणीची सक्ती नाही, आणि जन्मभराची शपथही नाही. आजचा दिवस प्यावयाची नाही, उद्याचे उद्या पाहू, एवढेच. मी शाळामास्तर आहे, म्हणून मला यात हजेरीपट दिसतो. वर्षाची हजेरी एकदम कोणी मांडीत नाही. ती रोज सकाळी, एकेका नावापुढे, एकेका दिवसाची मांडावी लागते.

आता माझ्या विषयाच्या गाभ्याशी येतो. हे मंडळ आरंभी 'ऑक्सफर्ड ग्रूप' नावाच्या एका प्रॉटेस्टंट धार्मिक चळवळीच्या आश्रयाला होते. तेथे उघड पापनिवेदन, पूर्ण शुद्धता, पूर्ण प्रामाणिकपणा असे कडक दंडक असत. कित्येकांना ते पेलत नसत. शिवाय कॅथॉलिक दारुड्यांची निराळीच कोंडी झाली. क्लीव्हलंडहून ॲक्रनला जाणाऱ्या कॅथॉलिकांना त्यांचे धर्मगुरू सांगू लागले की, परपंथाच्या उपासनेला जाता येणार नाही. म्हणजे दारू सोडावी तर धर्मगुरूंची अवज्ञा, आणि धर्मगुरूंचे ऐकावे तर पुन्हा गुत्ता! १९३९ च्या मे महिन्यात क्लीव्हलंडच्या मंडळींनी वेगळी बैठक सुरू करून ती गाठ तोडली. मंडळाला कोणत्याही एका पंथाचे राहता येणार नाही, ही गोष्ट ज्ञानचर्चेतून ठरलेली नाही. ज्यांना दारात अडवले जात होते त्यांच्या गरजेतून ठरलेली आहे.

दारात अडलेले दुसरेही होते. जिम बर्वेल नावाचा एक विक्रेता १९३८ साली न्यूयॉर्कच्या मंडळात आला. तो देव मानीत नसे आणि ते बैठकीत मोठ्याने सांगे. पुष्कळांना तो नकोसा झाला होता. याच सुमारास विल्सन मंडळाचे पुस्तक लिहीत होता आणि त्यात त्याने आपल्या मार्गाच्या बारा पायऱ्या मांडल्या. त्यांवर वाद पेटला. काहींना पुस्तक उघडउघड ख्रिस्ती हवे होते. बर्वेलला आणि त्याच्या बाजूच्यांना देवाचे नाव कमीत कमी हवे होते. अखेर तडजोड झाली. देवाच्या उल्लेखापुढे 'आम्हांला तो जसा समजला तसा' अशा अर्थाची पुस्ती जोडली, 'गुडघे टेकून' हे शब्द काढून टाकले, आणि या पायऱ्या आज्ञा नसून सुचवलेल्या आहेत असे म्हटले. १९३९ च्या एप्रिलमध्ये पुस्तक निघाले. त्या अर्ध्या ओळीच्या पुस्तीतून पुढे हिंदू, मुसलमान, यहुदी, बौद्ध आणि निरीश्वरवादी आत आले. बर्वेलही टिकला आणि अखेरपर्यंत मद्यमुक्त राहिला. वाद घालणारा माणूस हाकलून दिला असता तर मंडळाचे दार किती अरुंद झाले असते!

धर्मनिष्ठ वाचक येथे थबकेल, हे मी जाणतो. देव 'जसा समजला तसा' म्हणजे देवाची हवी तशी मूर्ती घडवणे नव्हे काय? त्या काळच्या एका येशूसंघीय धर्मगुरूंना तसे वाटले नाही. सेंट लुईचे फादर एडवर्ड डाउलिंग १९४० च्या हिवाळ्यातील एका रात्री पावसातून, दुखऱ्या सांध्यांनी लंगडत, विल्सनच्या दाराशी आले. ते स्वतः दारुडे नव्हते. बारा पायऱ्या आणि संत इग्नेशियस यांची आत्मिक साधना यांतले साम्य त्यांना दिसले होते आणि त्याविषयी ते विचारावयास आले होते. विल्सनला त्या संताचे नावही धड ठाऊक नव्हते. दोघांची मैत्री फादर डाउलिंग यांच्या मृत्यूपर्यंत, १९६० पर्यंत टिकली. आणि विल्सन कॅथॉलिक झाला नाही, तरी ती तुटली नाही.

ॲक्रनच्याच सेंट टॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाच्या धर्मभगिनी रोग्यांना दाखल करून घेण्याचे काम पाहत. त्या काळी दारुड्याला रुग्णालये घेत नसत. दारू हा रोग नव्हे, दुर्गुण आहे, अशी समजूत. १९३९ च्या ऑगस्टमध्ये डॉक्टर स्मिथ यांच्या विनंतीवरून त्यांनी पोटाच्या विकाराचे नाव लावून एक दारुडा आत घेतला, आणि त्याला स्वतंत्र जागा हवी म्हणून रोग्यांची फुले ठेवण्याच्या खोलीत खाट लावली. तेथून निघताना प्रत्येकाला त्या येशूच्या पवित्र हृदयाचे एक लहानसे चिन्ह देत आणि एकच अट घालीत: प्यावयाचेच झाले तर आधी हे मला आणून परत कर. पिण्याआधी कोणाच्या तरी डोळ्यांना डोळा द्यावा लागेल, हीच त्यातली युक्ती. येथे व्यवहाराची एक गोष्ट सांगून ठेवतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर कंप, भास, आकडी यांनी प्रसंग जिवावरही बेततो. पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. खोलीत कोंडून घालण्याचा घरगुती उपाय आपल्याकडे अजून चालतो. तो धोक्याचा आहे.

इतके उदार झालेले मंडळही प्रत्येकाला पुरे पडले असे मात्र नाही. पेन्सिल्व्हेनियातील जीन कर्कपॅट्रिक या विदुषींनी तेथे जाऊन पाहिले आणि त्यांची दारू परत परत सुरू होत राहिली. मंडळाची पहिली पायरी म्हणजे आपण हतबल आहोत ही कबुली. गर्व हा ज्याचा रोग आहे अशा पुरुषाला ते औषध लागू पडेल. पण जी स्त्री आधीच स्वतःला कवडीमोल समजते, तिला आणखी नमावयास सांगून काय साधणार, असा त्यांचा प्रश्न. १९७५ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी निराळे मंडळ काढले. त्याची तेरा विधाने स्त्रीला आपल्या अंगच्या सामर्थ्याची आठवण देतात. १९८५ मध्ये धर्मनिरपेक्ष बैठका सुरू झाल्या, १९९४ मध्ये मानसशास्त्रावर आधारलेल्या 'स्मार्ट रिकव्हरी'च्या. त्याच सुमारास 'बेताने प्यावे' असे म्हणणारेही एक मंडळ अमेरिकेत निघाले. त्याच्या संस्थापिका २००० साली ते सोडून पूर्ण वर्जनाच्या बाजूला गेल्या, आणि थोड्याच दिवसांनी पिऊन मोटार हाकताना त्यांच्या हातून दोन जीव गेले. बेताने पिण्याची वाट कोणालाच साधत नाही असे मी म्हणत नाही. परंतु ज्याचे शरीर दारूला पुरते बांधले गेले आहे त्याने ती आपली वाट म्हणून निवडण्यापूर्वी हा प्रसंग आठवावा.

औषधांची हकीकत थोडक्यात सांगतो. डायसल्फिराम हे रसायन रबराच्या धंद्यातले. कोपनहेगन येथे हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे संशोधक जंतावरचे औषध म्हणून ते स्वतःवर अजमावीत असता, मद्याचा घोट घेताच त्यांचा चेहरा लाल होई आणि जीव घाबरा होई. १९४८ साली हे प्रसिद्ध झाले आणि दारू नकोशी करणारी गोळी निघाली. ती चोरून जेवणात घालावयाची वस्तू नव्हे. रोग्याला न सांगता दिली तर प्राणावर बेतू शकते. पुढे लालसा कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधेही आली.

इतक्या वाटा झाल्यावर कोणत्या माणसाला कोणती, हे आधीच ओळखता येईल का? अमेरिकेत १७२६ रोग्यांवर मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये आले. बारा पायऱ्यांकडे नेणारा उपचार, विचार व सवयी बदलणारा उपचार आणि रोग्याच्याच मनातली इच्छा जागवणारा उपचार अशा तिन्ही रीतींनी बरेच लोक सुधारले, आणि तिघांत फरक थोडा पडला. कोणाला कोणती द्यावी याचे बांधलेले आडाखे बहुतेक फसले. २०२० मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा पूर्ण वर्जनाच्या बाबतीत बारा पायऱ्यांचा मार्ग इतर उपचारांहून काहीसा सरस ठरला. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. पुष्कळांची वाट रुंद असते म्हणून ती प्रत्येकाची असतेच असे नाही; आणि डॉक्टरही कागद पाहून ती सांगू शकत नाही, ती चालूनच पाहावी लागते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बडोद्याच्या श्रोत्यांना तर ही कथा घरचीच वाटावी. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात मोहाची दारू घरी गाळणे बंद झाले आणि आदिवासींना सरकारी गाळपाची दारू मक्तेदाराच्या दुकानातून घ्यावी लागू लागली. त्याबरोबर कर्ज आले, कर्जाबरोबर जमीन गेली. १९२१ - २२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरील मासेमारांत एक देवी अंगात येऊ लागली. ती किनाऱ्यावरून डोंगरांत, डांगांत आणि तेथून सुरत जिल्ह्यात व बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात शिरली. गावाबाहेर मांडव पडत, शेकडो आदिवासी जमत, अंगात आलेली माणसे देवीच्या आज्ञा सांगत: दारू सोडा, ताडी सोडा, मांसमच्छी सोडा, रोज स्नान करा, घरदार स्वच्छ ठेवा, आणि पुढे पुढे, दारूच्या मक्तेदाराच्या मजुरीला जाऊ नका. कोणी नेता नाही, छापील पत्रक नाही. १९२२ च्या नोव्हेंबरात दक्षिण गुजरातेतील दारूची दुकाने ओस पडली. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारांनी पुढे या चळवळीवर आख्खा ग्रंथ लिहिला, तेव्हा शिकलेल्यांना तिची खरी ओळख झाली.

कॉर्कच्या मैदानाशी याचे साम्य आहे, तसा भेदही आहे. तेथे बाहेरून आलेल्या धर्मगुरूंनी शपथ दिली. येथे लोकांनी आपल्याच देवीच्या तोंडून ती आपणच घेतली. दुकानावरचा राग आणि घशाची तहान यांची येथे गाठ पडली होती, आणि दारू सोडणे हे त्यांना अपराध्याचे प्रायश्चित्त न वाटता मान वर करणे वाटले. काही गावांत काही महिन्यांतच ताडीचे मडके पुन्हा झाडावर चढले. कित्येकांनी देवीचे नियम पुढेही पाळले, आणि एकाच जमातीत पाळणारे व न पाळणारे असे तट पडले. जेथे गावाने मिळून ठरवले आणि मागाहून कार्यकर्ते, आश्रम, शाळा यांची जोड मिळाली, तेथे ते अधिक टिकले. पुढे १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. त्याचा हिशेब मांडण्याचे हे स्थळ नव्हे. कायद्याने दुकान बंद होते, आणि तेही थोडके नव्हे. परंतु मागल्या दाराची वाट ज्याला ठाऊक आहे त्याला कायदा सोबत करीत नाही.

ती सोबत आपल्याकडे उशिरा आली. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर जो परेरा यांनी 'कृपा' ही संस्था सुरू केली. बारा पायऱ्यांना त्यांनी योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून शिकलेल्या आसन-प्राणायामांची जोड दिली. कॅथॉलिक धर्मगुरू, अमेरिकेतील प्रॉटेस्टंटांच्या हातून घडलेल्या पायऱ्या आणि पुण्याच्या अय्यंगारांचा योग! न्यूयॉर्कच्या मंडळींनी ती अर्धी ओळ जोडली नसती तर हा मेळ जमणे कठीण गेले असते. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुण्यात अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले व त्यांनी देणगी देऊ केली. आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभे राहिले. गर्दसाठी आरंभलेल्या त्या घरात दारूचे रुग्णही येऊ लागले. तेथे जे कधी काळी रुग्ण म्हणून आले त्यांतले कित्येक पुढे तेथेच समुपदेशक झाले, आणि नव्या माणसाच्या खाटेपाशी बसून आपली कथा सांगू लागले. ॲक्रनच्या त्या सहा तासांची ही मराठी आवृत्तीच म्हणावयाची.

शेवटी घरातल्या माणसांविषयी. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने नवऱ्याची दारू सुटावी म्हणून वर्षानुवर्षे सर्व उपाय केले; ती सुटली ती भलत्याच एका माणसाच्या सोबतीने. याचा तिला आनंद झाला आणि रागही आला. एकदा तर तिने संतापून त्याच्या अंगावर बूट भिरकावला. आपल्याही मनाला काही तरी झाले आहे हे तेव्हा तिच्या ध्यानी आले, आणि पुढे १९५१ मध्ये तिने पिणारांच्या आप्तांसाठी स्वतंत्र मंडळे बांधली. नवरा प्यावयाचे सोडो अथवा न सोडो, त्या बैठकींना बायकांना जाता येते. मुक्तांगणातही रुग्णांच्या पत्नींचा असा गट आहे. त्याचे नाव 'सहचरी'.